एका टोपाला एक हात

मी तापट आहे हे अख्ख्या उमेळे गावाला ठाऊक आहे. त्यात त्या आठवड्यात तर नुसती खेकसत होते. नोकरी सोडून दोन वर्षं मी एक प्रोग्रामिंग भाषा बनवत होते. एकच काम संगणकाच्या सोळा कोअरनी, म्हणजे त्याच्या सोळा मेंदूंनी, एकाच वेळी मिळून करायचं, त्यासाठीची भाषा. वालीवच्या एका कारखान्यातला सिद्धेश तिच्यावर सुट्या भागांची मोजणी करून बघत होता, आणि दर खेपेला आकडा वेगळा!

"सोमवारपर्यंत बघतो, मग जुन्या भाषेवर जातो," तो म्हणाला. माझी भाषा वापरणारा तो एकटाच. तो गेला की सगळं मुसळ केरात.

त्यातच रविवारी माझ्या भावाचं, ऑस्टिनचं लग्न. मांडवामागे मटणाचा टोप रटरटत होता. मी चाखलं, अळणी लागलं, मीठ आणून टाकलं. मी मीठ आणायला गेले तेवढ्यात चुलतबहीण एलिनानेही चाखलं होतं. तिनेही मूठभर टाकलं. झालं कल्याण!

स्वयंपाक सांभाळणारी ग्रेसीमावशी कडाडली, "एका टोपाला एक हात! कमी वाटलं तर मला सांगायचं. मीठ मीच घालणार."

"एवढ्याशा मिठासाठी किती ओरडतेस!" चारचौघांत उलट बोलून मी तरातरा निघाले. फाटकापाशी पाय थांबले. अगं बाई! चाखलं तेव्हा दोघींचंही बरोबरच होतं; चुकलं ते दोघींनीही मीठ टाकण्यात. माझे सोळा कोअर हेच करत होते. सगळे एकच आकडा वाचायचे आणि सगळेच तो बदलायचे. माझी भाषा त्यांना अडवतच नव्हती.

मग त्याच रात्री भाषेत नियमच घातला. सगळ्यांच्या आकड्याचा मालक एकच कोअर, बदल तोच करणार. बाकीच्यांनी त्याला फक्त कळवायचं. दुसऱ्या कोणी हात घातला तर प्रोग्राम सुरूच होणार नाही.

सोमवारी सिद्धेशने वीस वेळा मोजणी केली. वीसही वेळा एकच आकडा आला. "ठेवतोय तुझी भाषा," तो म्हणाला.

मी तडक मावशीकडे गेले. "मावशी, तुझ्यामुळे माझी दोन वर्षं वाचली गं. उलट बोलले, माफ कर." मला रडूच आलं. सगळं समजावून सांगितलं. तिला त्यातलं किती कळलं, देव जाणे.

ती म्हणाली, "चाळीस वर्षं मांडवात राबतेय. जेवण छान झालं म्हणतात सगळे. पण कसं करतेस, हे कोणी कधी विचारलं नाही बघ."

"मीसुद्धा नाही विचारलं," मी म्हटलं. मला फार लाज वाटली. "आता सांगशील?"

तिने खुर्ची पुढे ओढली.

"बस. आधी चुली कशा मांडायच्या ते ऐक."