मांडीवर हात

"मांडीला हात लावायचा न्हाई," दौलतराव म्हणाले.

निशिगंधानं हात काढले. अर्ध्या बैठकीत पाय लटपटले आणि ती अंगणातल्या फरशीवर बसली.

"पुन्हा. सव्विसावी."

दोन वर्षांपूर्वी मोशीच्या संघातून कबड्डी खेळणारी पोरगी आता कठड्याला धरून जिना चढत होती. भावकीला तिचं दुखणं दिसत नव्हतं, आळस तेवढा दिसायचा. वडील दौलतराव जुने पैलवान. त्यांच्याकडं औषध एकच, म्हशीचं दूध आणि बैठका. आणि बोट दाखवायला सुमनताई, निशिगंधाची आई. 'तुझ्या माहेरचा अशक्तपणा!' माहेर तरी कुठलं? दौलतरावांच्याच सख्ख्या मामाचं घर.

दुपारी चिंचवडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जीनचा रिपोर्ट उघडला.

"स्नायूत एक कात्री असते म्हणा, कॅल्पेन. कॅल्शियमनं ती जागी होते, झिजलेलं कापते, मग नवं भरतं. हिची कात्री नीट बनतच नाही."

"कॅल्शियम? मग दूध वाढवू?"

"दुधाचा संबंध नाही, काका. कात्री घडवणारा जीनच जन्मापासून बिघडलेला आहे. एक प्रत आईकडून आलीय, एक तुमच्याकडून. आणि बैठका आजपासून बंद. जबरदस्तीनं स्नायू आणखी तुटतात."

"माझ्याकडनं," दौलतराव म्हणाले. मग, "रोज पन्नास. मीच मोजायचो."

सुमनताईंनी रिपोर्टची घडी घालून पिशवीत ठेवली.

रविवारी पुतण्याच्या साखरपुड्याची पंगत होती. जेवणं झाली, रांगच्या रांग उठली. निशिगंधा पत्रावळीकडं बघत बसून राहिली. सगळ्यांसमोर मांडीला धरून उठायचं म्हणजे बापाचं नाक कापायचं.

"ऊठ की गं," कौशल्याकाकू वरून म्हणाल्या. "म्हातारी झालीस का एवढ्यात?"

समोरच्या रांगेत दौलतराव अजून बसलेले होते. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढावं तसे सावकाश उभे राहिले. उष्ट्या हाताची पाच बोटं पांढऱ्या धोतरावर उमटली.

"आमच्या घराण्यात असंच उठत्यात, वहिनी."

वाढप्याच्या हातातली बादली तशीच राहिली. सुमनताईंनी मान वर करून नवऱ्याकडं बघितलं.

दौलतराव लेकीसमोर येऊन थांबले. हात पुढं केला नाही. घाईही केली नाही.

निशिगंधानं मांडीवर हात ठेवला.