शाळेतली तारीख

मी फोन बोलतोय. बोलण्यासाठीच माझा जन्म, आणि नेमकं बोलायची वेळ आली तेव्हा माझी दातखीळ बसली.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे ढिगाने होते. मला विकत घेतलं ते एका ताईने. नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांना लपायला खोली मिळवून द्यायची, हे तिचं काम. कोण कुठे राहते, कुणाची मुलं कुठल्या शाळेत जातात, सगळं माझ्या पोटात. म्हणून तिने मला कुलूप घातलं आणि बजावलं, दहा वेळा चुकलं की सगळं पुसून टाकायचं.

कुलपाचा आकडा म्हणजे तिची जन्मतारीख. पण खरी, आईने सांगितलेली. शाळेत घालताना वय बसावं म्हणून बाबांनी भलतीच तारीख सांगितली होती, आणि पुढे सगळ्या कागदांवर तीच चिकटली. आई गेल्यावर खरी तारीख घरात कुणी काढलीच नाही. वाढदिवससुद्धा कागदावरच्या तारखेला व्हायचा. ताई मात्र मला रोज खऱ्या तारखेने उघडायची. मला त्याचा फार अभिमान होता.

मग एक माणूस तिच्या मागे लागला. "माझी बायको कुठेय ते सांग, नाहीतर गाडीखाली घेईन," असं तो खोट्या नावाच्या नंबरवरून फोन करून म्हणाला. रागाच्या भरात स्वतःचं नावही बोलून गेला. ताईने ते सगळं माझ्यात साठवलं. दुसऱ्याच दिवशी तिला गाडीने उडवलं. ती गेली, आणि मला मेल्याला ओरखडासुद्धा नाही.

पोलीस ठाण्यात माझ्यावरून रोज भांडण.

"कंपनीने एक किल्ली आमच्याकडे दिली तर काय बिघडतं?" साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "खुनी मोकाट फिरतोय, आणि आम्ही या काचेकडे बघत बसलोय!"

ताईबरोबर काम करणारी आक्का शांतपणे म्हणाली, "किल्ली तुमच्या एकट्याच्या खिशात राहील का, साहेब? तुमच्याच एका हवालदाराची बायको आमच्याकडे आहे. तिचा पत्ता यातच आहे."

साहेबांनी उठून दार लावून घेतलं. दोघांचंही खरं होतं. मी मधल्यामध्ये पिशवीत गुदमरत होतो.

कागदावरची जन्मतारीख पोलिसांनी सगळ्यात आधी घालून पाहिली होती. चुकली. "म्हणजे जन्मतारीख नाही," असं ठरवून ते मोकळे झाले. ठाण्यात बोलावलेल्या ताईच्या बाबांनीही मान डोलावली. मग त्यांनी स्वतःची तारीख घातली, लग्नाची घातली, घराचा जुना फोन नंबर घातला. असं करता करता नऊ वेळा चुकलं. मी आतून आक्रोश करत होतो, अहो बाबा, थंडी आठवा!

"काका, आता एकच संधी उरलीय," फोन तपासणारा म्हणाला. "थांबा जरा. दुसरा मार्ग शोधतोय आम्ही."

"किती थांबू? माझी पोर गेलीय. तिला कुणी मारलं, तेवढंच कळू द्या मला." बाबांनी मला पुढ्यात ओढलं. "आईवर फार जीव होता तिचा." त्यांनी आई गेल्याची तारीख घातली.

मी शपथ पाळली. तिचा आवाज, त्याचं नाव, बायकांचे पत्ते, सगळं माझ्याच हातांनी पुसलं. पुसताना मला कुणी थांबवू शकत नव्हतं, मीसुद्धा नाही. बायका वाचल्या, आणि तोही वाचला.

मग मला घरी पाठवलं. आत्या बाबांजवळ बसली होती. सहज म्हणाली, "दादा, पोर कडाक्याच्या थंडीत जन्मली होती रे. तुझ्या कोटात गुंडाळून आणली होती तिला. शाळेत तू उन्हाळ्यातली तारीख सांगितलीस, त्यावरून वहिनी किती भांडली होती!"

बाबांनी मला हातात घेतलं. कोऱ्या फोनसारखा मी विचारत होतो, भाषा निवडा, नवं कुलूप घाला. त्यांनी सावकाश सहा आकडे दाबले. खरे.

मग मला बंद केलं, आणि तेच आकडे पुन्हा दाबले.

मी लगेच उघडलो. आत काहीच नव्हतं.