बरणीतला निळा पट्टा

सिंधूताईच्या दारात अख्खी विणकर वस्ती लोटली होती. मोनालीच्या पोटातून कापड निघाल्याची बातमी दवाखान्यातून आनंदरावांच्या आधी पोचली होती. पारशिवनीचे महाराज तर ओट्यावर ठाण मांडूनच बसले होते. गाठ नाही, ही सिंधूची करणी, तिच्या लुगड्याचं मंतरलेलं फडकं आहे, हे आपण चार महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, असं ते पुन्हा पुन्हा ऐकवत होते. लोक पाया पडत होते. सिंधूताईची पेटी कुणीतरी रस्त्यावर आणून टाकली होती.

आनंदराव मोनालीचे सासरे. सून अतिदक्षता विभागात, ताप उतरेना, आणि हातात पोटातून निघालेल्या कापडाची, लॅबमध्ये न्यायची बरणी; वाटेत ही गर्दी पाहून ते थांबले. सोनोग्राफीत गाठ दिसली तेव्हा ऑपरेशन टाळून अंगारा लावणारे तेच. एकट्या राहणाऱ्या सिंधूताईला पाहून थुंकणारेही तेच. पण चाळीस वर्षं त्यांची मागावर गेली होती. कापड ओळखायला त्यांना महाराज लागत नव्हते.

त्यांनी बरणी उजेडात धरली. "महाराज, इतकं विरळ लुगडं कोणता कोष्टी विणते गा? आन् हा निळा पट्टा कायचा?"

"मंत्राचा धागा आहे तो."

"एक्स-रेत दिसावा म्हणून दवाखान्याच्या कापडाले लावतेत तो. सिझरच्या वक्ती रक्त टिपाचं कापड आतच राहिलं. त्याच्याभोवती मांस धरलं, तेच गाठीसारखं दिसलं. आता डॉक्टरनंच दाखवलं मले. करणी करणारीले एक्स-रेची काहून काळजी?"

"पन महाराजानं फडकंच सांगितलं होतं ना," गर्दीतला रुपराव म्हणाला.

"तुह्या पोटदुखीले काय सांगितलं होतं?"

रुपराव घुटमळला. "फडकंच."

"मंग निघालं काय?"

"मुतखडा निघाला."

मागे कुणी तरी हसलं. गर्दीतल्या यमुताईलाही महाराजांनी फडकंच सांगितलं होतं, तिच्या जावेलाही. एकेक जण बोलू लागला, तसे महाराज चपला शोधू लागले.

आनंदरावांना हसू आलं नाही. त्यांनी पेटी उचलून आत ठेवली. "चार महिने मी घालवले वं सिंधूताई," ते म्हणाले. "पोरगी वाचली नाही तं तो दोष माहा." सिंधूताईने त्यांच्यामागे दार उघडंच ठेवलं.

मग ते लोकांकडे वळले. "डॉक्टरही चुकते. ज्यानं कापडं मोजली नाही त्याले जाब विचारू, कागदावर विचारू. पन त्याची चूक या बरणीत दिसून राहिली. महाराजाची चूक कुठं दिसणार? पोट दुखलं तं कोणाचं दार बडवू नका. तपासा, आन् पुन्हा तपासा."

आणि बरणी छातीशी धरून ते लॅबच्या दिशेने निघाले. मोनालीच्या तापावर औषध कोणतं लागू पडेल, ते तिथल्या तपासणीतून अजून कळायचं होतं.