पहिल्या चहाचा मान

दीप्तीचा चेहरा दिवसेंदिवस उजळत होता आणि सिंधूताईच्या जिवाचा नुसता जळफळाट होत होता. दोघी जावा, नागपूरजवळच्या बेसा गावात एकाच घरात नांदणाऱ्या. दोघींना थायरॉइड निघाला एकाच महिन्यात, गोळीही दोघींना पन्नास मायक्रोग्रॅमचीच. तीन महिन्यांत धाकटीची सूज उतरली, केस गळायचे थांबले. थोरली मात्र होती तिथेच. नागपूरचा मे महिना, अन् हिचे पाय गार! भाजी निवडता निवडता डुलकी लागायची.

"दीप्तीच्या भावाचं मेडिकल हाये ना," सिंधूताई नवऱ्याजवळ धुसफुसली. "बहिणीले असली गोळ्या देते तो. मले उरल्यासुरल्या."

एका दुपारी दीप्ती बाजारात गेली, तेव्हा सिंधूताईनं गुपचूप गोळ्यांच्या डब्या बदलून टाकल्या.

दीड महिन्यानं रिपोर्ट आले. दीप्तीचा चांगला, सिंधूताईचा पुन्हा वाढलेला. मग तिनं डॉक्टरीणबाईंना खरं ते सांगून टाकलं. बाई आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "गोळी कशाबरोबर घेता?"

"चहासंग. आणखी कशासंग घेऊ?"

"तिथंच चुकतंय. उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची. चहा तासाभरानं. नाहीतर गोळी अंगी लागत नाही."

हेच दीप्तीनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण एकोणीस वर्षं सकाळचा पहिला चहा सासऱ्यांसोबत, दादाजींसोबत, सिंधूताईच घेत आली होती. घरात तेवढाच काय तो तिचा मान. तोच दीप्तीला बळकावायचा आहे, अशी तिची खात्री होती, म्हणून तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सहाला तिनं पाण्यासोबत गोळी घेतली, दादाजींचा चहा दीप्तीच्या हाती दिला आणि ओट्याशी उभी राहिली. आता बसली असेल माझ्या जागेवर, म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राहवेना, तेव्हा तिनं वऱ्हांड्यात डोकावलं. तिची खुर्ची रिकामी होती. दादाजींचा कप बशीनं झाकलेला.

"दादाजी, चहा थंडा होऊन राहिला ना."

"होऊ दे. तुह्या चहाले अजून पाऊण तास हाये. दीप्तीनं सांगितलं मले, ताईसाठी थांबा म्हणून."

सिंधूताईला आणखीनच झोंबलं. चांगुलपणातही हीच पुढे! मग तिच्या ध्यानात आलं, की साडेचार महिने ही पोरगी सातला आपला चहा स्वयंपाकघरात एकटीच पीत होती.

"दीप्ती," तिनं फणकाऱ्यानंच हाक मारली, "सातला तीन कप मांड वं. अन् तुही खुर्ची इकडं आण."