ऑरिन उठला का?

मी एक जुनी गादी आहे. गादी म्हटल्यावर, मित्रांनो, ऐसपैस झोपायची गादी डोळ्यांसमोर आणू नका. माझ्यावर मांजरसुद्धा पाय पसरून झोपू शकत नाही. मैदानातल्या बाकांवर बसताना माणसं बुडाखाली चौकोनी उशी घेतात ना, ती मी. लाल रेक्झिनचं अंग, आत स्पंज, उचलायला एक पट्टा आणि पोटावर मक्याचं बियाणं विकणाऱ्या एका दुकानाचं नाव. ते नाव आता पुसलं गेलंय आणि दुकानही बंद पडलंय, त्यामुळे कोणाची तक्रार नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. मला शिवणारी बाई शेजारणीला नवऱ्याच्या घोरण्याची कहाणी सांगत होती. त्या नादात माझी एक शिवण वाकडी गेली. बियाण्याच्या दुकानदाराने आम्हाला गठ्ठ्याने घेतलं आणि गिऱ्हाइकांना फुकट वाटलं. फुकटच्या वस्तूची काय गत होते ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या काही बहिणी ट्रॅक्टरवर गेल्या, काही कुत्र्यांच्या वाट्याला आल्या. मला ऑरिन टॉलेफसनने उचललं. तो शेतकरी नव्हता. डेअरीत आलेल्या दुधाची प्रत तपासायची, हे त्याचं काम. दुकानात त्या दिवशी कॉफी फुकट होती म्हणून तो आला होता, आणि जाताना मला काखोटीला मारून घेऊन गेला.

ऑरिनला वेड एकाच गोष्टीचं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात गावोगावच्या मैदानांवर ढोल-बिगुलांच्या पथकांच्या स्पर्धा होतात. शंभरावर मुलंमुली, कोणाच्या हातात बिगुल, कोणाच्या गळ्यात ढोल, कोणाकडे झेंडे. वाजवत वाजवत ती मैदानभर चालतात, रांगांचे आकार करतात, मोडतात, पुन्हा दुसरे करतात. परीक्षक त्यांना गुण देतात. आणि बाकांवर बसलेले ऑरिनसारखे लोक परीक्षकांना गुण देतात.

मी इतकी वर्षं या स्पर्धांना गेले, पण एकही खेळ पाहिलेला नाही. कसा पाहणार? खेळ सुरू झाला की माझ्यावर ऑरिन. मला फक्त ऐकू यायचं आणि त्याचं वजन कळायचं. तेवढ्यावरून मी सगळं ओळखायला शिकले. पथक बेताचं असलं की तो मागे रेलायचा. रांग वाकडी झाली की एका अंगावर होऊन खिशातले शेंगदाणे काढायचा. खाली काही चांगलं घडायला लागलं की तो हळूहळू पुढे सरकायचा आणि माझ्या पुढच्या कडेवर ताण यायचा. आणि क्वचित, अगदी क्वचित, माझ्यावरचं ओझं एकदम नाहीसं व्हायचं. मला वारा लागायचा. ऑरिन उभा राहिलेला असायचा.

त्याचं उठणं ही आमच्या भागात मोठी बातमी होती. लोक हल्ली कशालाही उठून टाळ्या वाजवतात, हे त्याचं जुनं दुखणं. "पाय अवघडतात म्हणून उठतात लेकाचे," असं तो म्हणायचा. त्याचा नियम साधा होता. शेवटचा सूर संपेपर्यंत बसायचं, सगळं नीट पाहायचं, आणि खरोखर वाटलं तरच उठायचं. भिडेखातर कधीही नाही. मागच्या बाकावर वेंडल नावाचा त्याचा दोस्त बसायचा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. गुण जाहीर व्हायच्या आधीच वरच्या रांगांमधून विचारणा यायची, "काय रे वेंडल, ऑरिन उठला का?"

"कसला उठतोय," वेंडल सांगायचा. "शेंगदाणे संपवले त्याने."

ऑरिनची बायको आर्डिथ शेजारी असायची. तिला पहिल्या सुरालाच भरून यायचं आणि प्रत्येक पथक तिला गेल्या वर्षीपेक्षा छान वाटायचं. ऑरिन चर्चमधल्या प्रवचनाला गुण द्यायचा, पावसाला द्यायचा, दुसऱ्यांच्या घरच्या बटाट्याच्या सॅलडलाही द्यायचा.

"लग्नाच्या दिवशी मला किती दिले होतेस रे?" तिने एकदा विचारलं.

"तू उशिरा आली होतीस," तो म्हणाला. "तेवढे कापले."

त्यांना एकच मुलगी, सिग्रिड. लहानपणी ती माझ्या अर्ध्या भागावर बसायची आणि अर्ध्यावर ऑरिन, म्हणजे दोघंही अर्धवट बाकावरच. तो तिला सांगायचा, चेहरे बघू नकोस, पाय बघ. रांगेत कोणी आजारी पडून गळलं तर तिथे भोक दिसतं, ते शोध. पोरगी पटापट शोधायची. मोठी झाल्यावर ती स्वतःच एका पथकात गेली. बर्चवुड पथक त्याचं नाव. खांद्यावर ठेवून वाजवायचं सगळ्यात मोठं, सगळ्यात जड बिगुल तिच्याकडे होतं. सगळा उन्हाळा शाळांच्या फरशीवर झोपायचं, सकाळपासून उन्हात सराव करायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी खेळायचं. तीन उन्हाळे तिने असे काढले. त्या तिन्ही उन्हाळ्यांत ऑरिन तिच्या पथकासाठी एकदाही उठला नाही. पथक मधल्या फळीतलं होतं, आणि मधल्या फळीतल्या पथकासाठी उठायचं नसतं.

तुम्हाला वाटेल, काय दगडाच्या काळजाचा बाप. पण सिग्रिडला तेच आवडायचं. बाकी सगळे तिला छान झालं, छान झालं म्हणायचे. खरं काय ते सांगणारा एकटा बाबाच होता.

चौथा उन्हाळा शेवटचा होता. एकविसावं वर्ष सरलं की पथक सोडावं लागतं, कितीही जीव लावलेला असला तरी. जूनमध्ये घराजवळच्या मैदानावर खेळ झाला आणि ती गणवेशातच, घामाने चिंब, बाकांवर आई-बाबांना भेटायला आली.

"सांग," ती ऑरिनला म्हणाली.

"दुसऱ्या भागात उजवी बाजू मागे पडते. तुझा डावा पाय वळताना आधी उठतो."

"आणि शेवट?"

"शेवट कसला? सगळे येऊन उभे राहता, बस थांबल्यासारखे."

वेंडल मागून हसला. सिग्रिडही हसली. "या वर्षी तुला उठवणार आहे मी," ती म्हणाली. "पण नुसता माझा बाप म्हणून उठलास ना, तर बोलणार नाही तुझ्याशी."

"माझा नियम तुला माहीत आहे," ऑरिन म्हणाला. त्याला केवढा आनंद झाला होता ते मला माझ्या पुढच्या कडेवरच्या ताणावरून कळलं. घरी जाताना गाडीत आर्डिथ म्हणाली, "एकदा पोरीसाठी उठलास तर काही झिजेल का?"

"तिलाच नकोय," तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये उन्हाळ्यातल्या शेवटच्या, सगळ्यात मोठ्या स्पर्धेसाठी सगळी पथकं मॅडिसन शहरात जमली. रात्रीच्या अंतिम फेरीत फक्त वरची बारा पथकं खेळतात. बर्चवुड त्यात येणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे दुपारचा खेळ हाच सिग्रिडचा शेवटचा. आदल्या आठवड्यात तिचा कुठल्याशा शाळेतून फोन आला होता. "बाबा, शेवट बदललाय," ती म्हणाली होती. "काय ते सांगत नाही. बघशीलच." त्यानंतर ऑरिनने आर्डिथला शंभरदा विचारलं असेल, काय बदललं असेल गं?

उन्हाने बाक असा तापला होता की माझं रेक्झिन खालून चिकटत होतं. पथक मैदानात आलं. पहिल्या भागात ऑरिन मागे रेललेला होता. दुसऱ्या भागात सरळ बसला. "उजवी बाजू सुधारली," तो पुटपुटला. तिसऱ्या भागात शेंगदाण्यांची पुडी हातात तशीच राहिली. मग तो पुढे सरकायला लागला. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तो इतका पुढे कधी सरकला नव्हता. माझा मागचा अर्धा भाग रिकामा होता. बिगुलांचा आवाज वाढत गेला, ढोल दाटून आले, आणि आमच्या पुढची माणसं उठायला लागली. आधी एक रांग, मग दुसरी, मग सगळीच. आर्डिथ उठली. वेंडल उठला.

मित्रांनो, आता जे सांगते ते माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. ऑरिन उठला होता. पुरता नाही, अर्धा. त्याचं वजन माझ्यावरून निघालं, मला वाऱ्याची झुळूक लागली, आणि मला वाटलं, झालं, जिंकली पोरगी. पण शेवटचा सूर अजून संपला नव्हता. त्याला नियम आठवला असावा. तो परत बसला.

"ऑरिन, अरे ऊठ," आर्डिथ म्हणाली.

"संपू दे."

तो डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. मी त्याच्याखाली घासली जात होते. त्याला पुढे दिसत होत्या त्या नुसत्या पाठी. चौकटीचे शर्ट, घामाचे डाग, कोणाच्या तरी कमरेला अडकवलेली टोपी. पाठींच्या पलीकडे त्याची मुलगी शेवटचं चालत होती, आणि मैदानातून मला ऐकू येत होतं तेवढंच त्यालाही ऐकू येत होतं. शेवटचा सूर फार लांब धरला होता. मग तो तुटला आणि टाळ्यांचा गडगडाट झाला. आता उठायला हरकत नव्हती. पण ऑरिन बसूनच राहिला.

"अरे, हे तरी चांगलं होतं ना?" वेंडलने खाली वाकून विचारलं.

"मी पाहिलं नाही," ऑरिन म्हणाला. "न पाहिलेल्याला गुण कसे देऊ?"

वरच्या रांगेतून त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही.

पथकाच्या बसगाड्या मैदानामागच्या गवतावर उभ्या होत्या. ऑरिन मला पट्ट्याने हातात धरून गेला. मुलंमुली एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. सिग्रिडने आईला मिठी मारली आणि मग बाबासमोर उभी राहिली. तिने टोपी काढली होती, केस कपाळाला चिकटले होते.

"खालून दिसलं मला," ती म्हणाली. "सगळे बाक उभे होते आणि तुझ्या जागी भोक होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. "ठीक आहे. नियम तो नियम. काय कमी पडलं, तेवढं सांग."

ऑरिनने मला एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "शेवट दिसला नाही मला," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पुढचे सगळे उठले गं. नुसत्या पाठी दिसत होत्या. सूर संपल्याशिवाय मी उठत नाही, तुला माहीत आहे. तुमचा शेवट मी पाहिलाच नाही, सिग्रिड."

ती अगदी हळू, लहान मुलाला समजावावं तसं म्हणाली, "मग उठायचं होतंस ना, बाबा."

इतक्या वर्षांत हे ऑरिनच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. उठणं म्हणजे गुण, एवढंच त्याला माहीत होतं. बघायला मिळावं म्हणूनही माणूस उठू शकतो, हे त्याला त्या गवतावर कळलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, अर्धा उठला होता तो, मी साक्षीदार आहे. पण गादीला तोंड नसतं.

"आता दाखव ना," शेवटी तो म्हणाला. "इथेच. तू कुठून निघालीस, कुठे पोचलीस, तेवढंच."

सिग्रिडने मान हलवली. "ते एकटीचं नाहीये," ती म्हणाली. "सगळे लागतात त्याला. आणि सगळे आता परत कधीच एकत्र नसणार." तिला कोणीतरी हाक मारली. तिने बाबाच्या गालाला हात लावला आणि ती मैत्रिणींकडे पळाली.

परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर पडले होते. पुढे ऑरिन गाडी चालवत आर्डिथला विचारत होता.

"मग पुढे आले, आणि?"

"आणि असे... पसरले. मग असे जवळ आले सगळे."

"किती रांगा होत्या? सिग्रिड कितवी होती?"

"ऑरिन, मी रडत होते," आर्डिथ म्हणाली. "मोजत नव्हते."

थोड्या वेळाने ऑरिनने गाडी मक्याच्या शेताच्या कडेला घेऊन थांबवली आणि डोळे पुसले. आर्डिथने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "छान होता रे शेवट," ती म्हणाली. या वेळी त्याने तिला किती छान ते विचारलं नाही.

आता माझा स्पंज बसलाय, रेक्झिन भेगाळलंय. ऑरिनही म्हातारा झालाय, तरी आम्ही जातो. सिग्रिड शेजारी असते, कधी तिची मुलंही असतात. तो अजून शेंगदाणे खातो, अजून कुरकुरतो, उजवी बाजू मागे पडते म्हणतो. पण खेळ शेवटाला आला की पुढच्यांच्या आधी हा उभा. गावातल्या शाळेचं भिकार पथक असलं तरी उभा. मागून लोक ओरडतात, "आजोबा, बसा खाली, दिसत नाही." तो ऐकत नाही. वेंडल म्हणतो, ऑरिन आता कशालाही उठतो, त्याच्या उठण्याला काही किंमत राहिली नाही. खरंच राहिलेली नाही. आणि माझी झीजही फार कमी झाली आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काही मागतात. पावसात विसरू नका, उसवलं तर टाका घाला, कुत्र्याला देऊ नका. हे सगळं माझंही मागणं आहेच. पण त्याआधी एक मागते. तुमचं माणूस मैदानात असेल आणि पुढचे उठले, तर उठा. चांगलं होतं की वाईट, ते नंतर ठरवा. बसायला मी आहे, मी कुठे पळून जात नाही.