सलामेत घोडा

माझ्या सासऱ्यांच्या सलामेत घोडा निघाला, आणि तो शोधला कुणी? मी. घ्या!

आमच्या गावच्या सलामे-स्पर्धेचा नियम एकच: सलामेत, म्हणजे मसाला घालून वाळवलेल्या मांसाच्या कांडीत, डुक्कर आणि गाय, तिसरा प्राणी नाही. यंदा पंचांना हुक्की आली, प्रत्येक नमुना प्रयोगशाळेत तपासायचा. प्रयोगशाळा म्हणजे मीच. माते म्हणजे आमच्याकडचा कडू हिरवा चहा; त्याच्या उकळून टाकलेल्या चोथ्यापासून मी कार्बनचे बारीक कण बनवते, डोळ्यांना न दिसणारे. घोड्याच्या डीएनएचा ठरावीक तुकडा भेटला की ते जांभळ्या दिव्याखाली हिरवे चमकतात. नाही भेटला तर काळोख.

एकोणीस नळ्या काळ्या. विसावी, माझ्या सासऱ्यांची, म्हणजे डॉन एव्हारिस्तो गोयेनेचे यांची, हिरवीगार.

"एव्हारिस्तो, नाव कापलं!" मुख्य पंच लारुम्बे खुशीत ओरडला. "यंदाच नाही, कायमचं!"

सासरे पांढरेफटक पडले. आपला घोडा मेला तेव्हा तीन दिवस न जेवलेला माणूस हा.

"पोरी, तुझं हे खूळ खोटं बोलतंय."

"खोटं नाही बोलत, बाबा. पण कान फार तिखट आहेत त्याचे. राईएवढं सापडलं तरी बोंब मारतं. बाकीच्यांचे नमुने मी माझ्या पात्याने कापले. तुमचा कुणी कापला?"

"मीच! परक्याची सुरी माझ्या सलामेला लागू देईन होय?" त्यांनी कमरेची सुरी उपसली. मुठीपाशी दोन-चार तांबूस केस चिकटलेले.

"आणि सकाळी हिने काय कापलं?"

सासरे मान खाली घालून म्हणाले, "घोडीच्या खुरात गळू झालं होतं. फोडलं."

"नंतर धुतली?"

"पुसली की! विजारीला."

अरे देवा! मी कपाळावर हात मारला. बाबांचाच न कापलेला सलामे मागवला, नवं पातं घेतलं, मधोमध चकती काढली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. तासभर गेला. शेवटी नळी दिव्याखाली धरली.

काळोख. मी सगळ्यांदेखत रडले.

लारुम्बेचा हात मात्र पोटावर गेला. सकाळी त्याच सुरीने कापलेल्या तीन चकत्या त्याने मिटक्या मारत खाल्ल्या होत्या.

"शी! हे असलं आम्हाला खायला घातलंस?"

"मी एकट्याने?" सासऱ्यांनी नजर फिरवली. सकाळपासून स्पर्धेच्या दालनात जो तो आपापल्या सुरीने एकमेकांना चकत्या भरवत होता. "पोरी, दिवा विझवू नकोस. चला रे, ओळीने या. प्रत्येकाची सुरी तपासू."

साठ माणसांचे साठ हात कमरेवर गेले आणि तिथेच थांबले. कुणीतरी खाकरलं. कुणाला अचानक गाईंना पाणी दाखवायचं आठवलं.

"पहिलं बक्षीस एव्हारिस्तोला!" लारुम्बे घाईघाईने म्हणाला. "कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती.