मूळ प्रतीत नसलेलं वाक्य

“‘अशा कर्मचाऱ्याला कामावरून काढण्याआधी अधिकाऱ्याने त्याच्याशी एकदा तरी मोकळेपणाने बोलावे,’ पूर्णविराम.” हस्तलिखिताचं पान उलटून त्याने तिसऱ्यांदा पाण्याचा ग्लास रिकामा केला.

समोर ताई प्रुफावर लाल पेन टेकवून बसल्या होत्या. छापखान्यातली ही खोली दोघांचीच. तो मूळ प्रत मोठ्याने वाची आणि ताई प्रूफ पाहत; जे कानावर येई पण कागदावर नसे, ते त्या समासात लिहून घेत. अकरा वर्षं हेच चाललं होतं. शेवटचं वाचन मात्र त्याच्या एकट्याचं असे.

नेमकी हीच पुस्तिका आज पुढ्यात यायला नको होती. दारूचं व्यसन आणि कामाची जागा. दारू सोडल्याचं त्याने इथे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पितो हेच कधी कबूल केलं नव्हतं. डोकेदुखी, पोटदुखी, सासऱ्यांचं आजारपण, अशा थापांवर त्याने वर्षं ढकलली होती. आता ही गोष्ट एकट्याने पोटात ठेवणं जड जात होतं, आणि तोंड उघडलं तर नोकरी जाईल ही धास्तीही होतीच.

पुस्तिकेचा त्याला रागच येत होता. चाळीस पानांत माणूस पडतो, सावरतो आणि शेवटी साहेब त्याच्या पाठीवर हात ठेवतात. लेखकाची साहेब नावाच्या प्राण्याशी कधी गाठ पडली नसावी. थरथरणाऱ्या हाताने हजेरीपटावर सही कशी करायची, जेवणाच्या सुटीत गुत्ता टाळायला रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत होता.

“पाय आवर. पेन हलतंय,” ताई म्हणाल्या.

“हो. पुढे घेऊ?”

“घे.”

“‘हा आजार लांबण्यात मोठा वाटा प्रेमळ सहकाऱ्यांचा असतो,’ पूर्णविराम. ‘ते त्याच्या चुका गुपचूप दुरुस्त करतात,’ स्वल्पविराम, ‘त्याच्या गैरहजेरीवर पांघरूण घालतात,’ पूर्णविराम.”

ताईंचं पेन थांबलं.

“ओळ सापडली नाही का?”

“आहे. परत वाच.”

त्याने परत वाचलं. ताईंनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्या सगळ्या वर्षांत त्याच्या शेवटच्या वाचनानंतर एकाही पुस्तकात चूक निघाली नव्हती. आपली नजरच तशी, असं तो मिशीला पीळ देत सांगत आला होता. ताई रोज त्याच्यानंतर अर्धा तास का थांबत, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पुढे,” ताई म्हणाल्या.

पुढे समुपदेशकाबद्दलची ओळ होती. तिच्यावर बोट ठेवून, वाचनाच्याच एकसुरी आवाजात तो म्हणाला,

“‘ही मूळ प्रत वाचणारा कर्मचारीही अशा व्यसनी माणसांपैकीच एक असून गेल्या त्रेपन्न दिवसांत त्याने दारूला स्पर्श केलेला नाही,’ पूर्णविराम.”

ताईंनी प्रुफावरून पेन फिरवलं, पुन्हा मागे आणलं. ओळ नव्हती. मग नेहमीप्रमाणे दोन शब्दांच्या मधे खूण करून त्या समासात लिहू लागल्या. त्याला उलटी अक्षरं दिसत होती, तीच टापटीप अक्षरं. त्याने ग्लास उचलला, पण त्यात थेंबही नव्हता. आकड्यापाशी ताई थांबल्या.

“आकडा बरोबर आहे?”

“हो.”

“एकदा मूळ प्रत बघून सांग.”

त्याने समोरच्या कागदाकडे पाहिलं. तिथे कुठलाच आकडा नव्हता. या दिवसांतल्याच एका मंगळवारी दात काढायचाय म्हणून तो दुपारीच प्यायला निघून गेला होता, आणि त्याच्या टेबलावरची उरलेली पानं ताईंनी आपल्याकडे ओढली होती. तो दिवस त्याने स्वतःच्या हिशेबातूनही वगळला होता.

“एकोणीस,” तो म्हणाला.

ताईंनी त्रेपन्न खोडलं आणि वर एकोणीस लिहिलं.

“जुळलं,” त्या म्हणाल्या. “आता पुढे वाच.”